कुत्र्याचा वाटा

डॉक्टर हातानाकांनी कागद फिरवून मासुएच्या समोर ठेवला आणि त्यावर पेनाचं टोक टेकवलं.

"हे बघा आजी. मार्चमध्ये बारा. जूनमध्ये अकरा. सप्टेंबरमध्ये साडेनऊ. आणि आज आठ पॉइंट सहा. नुसती घसरगुंडी चाललीय."

"कागद उलटा नाही ना धरला तुम्ही?"

"सुलटाच आहे. तुमच्या रक्तात तेत्सु कमी पडतंय."

"काहीतरीच काय! तेत्सु बाहेर चपलांपाशी झोपलाय. मी बरोबरच आणलंय त्याला."

आता जपानीत तेत्सु म्हणजे लोखंड, आणि रक्तातलं लोह म्हणजेही तेत्सुच. पण मासुएच्या कुत्र्याचं नावही तेत्सु, त्याला डॉक्टर तरी काय करणार? फुकुओका शहर सोडून मियाझाकीच्या या डोंगरात येऊन डॉक्टरला जेमतेम दीड वर्ष झालेलं. त्यानं खिडकीतून वाकून बाहेर पाहिलं. दारात एक तेरा वर्षांचा तपकिरी कुत्रा कुणाच्या तरी बुटावर हनुवटी टेकून घोरत होता.

"तो नाही हो. लोह, लोह! पोटाच्या, आतड्याच्या सगळ्या तपासण्या करून झाल्या, तिथं काही सापडलं नाही. गोळ्या घेताय ना?"

"घेते ना. घेऊन कपाटात ठेवते. एक गिळली की दिवसभर जेवणाकडे बघवत नाही."

डॉक्टरनं डोक्याला हात लावला. "मग मार्चमध्ये बारा कसं काय झालं? गेल्या हिवाळ्यात खात काय होता?"

"जे असेल ते. भात, मुळा, रानडुक्कर."

"रानडुक्कर? किती वेळा?"

"आठवड्यातून तीनदा, चारदा. हरीण मिळालं तर हरीण. कलेजी मात्र पहिल्याच दिवशी, आलं घालून."

डॉक्टरनं फाइल उघडून जुने कागद टेबलावर पसरले. चार वर्षांचे होते. दर मार्चला आकडा वर, दर सप्टेंबरला खाली. तो इतका खूश झाला की खुर्चीतून उठलाच. "आजी, तुमचं रक्त शिकारीच्या हंगामावर चालतंय! बरोबरच आहे. हरणाच्या मांसात लोह भरपूर आणि चरबी नावालाच. मांसातलं लोह अंगाला लागतंही पटकन. शिवाय ही जनावरं दिवसभर डोंगर चढतात, कंद उकरतात, झाडाखालची फळं खातात. गोठ्यात उभं राहून पेंड नाही खात. महिनाभर तेच खा. फक्त पूर्ण शिजवून, अर्धंकच्चं नको."

"कच्चं खायला मी कोल्हीण आहे की काय?"

"नवीन वर्षाच्या आधी पुन्हा रक्त बघू. पण आकडा आठच्या खाली गेला, तर मी तुम्हाला त्या घरात एकटं राहू देणार नाही. हिरोमिचींना फोनवर तसं सांगून टाकलंय मी."

हिरोमिची म्हणजे मासुएचा मुलगा. ओसाकाला नवव्या मजल्यावर राहतो. सून चांगली, नात चांगली, लिफ्टही चांगली. पण तिथं आठ दिवस राहिलं की मासुएला आपण कपाटात ठेवलेल्या गोळीसारखं वाटायला लागायचं. शहात्तर वर्षं डोंगरातच काढलेल्या बाईनं बाल्कनीतल्या कुंडीला पाणी घालून दिवस ढकलायचे, ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती. तिला इथंच राहायचं होतं, बस्स.

"खाते रानडुक्कर," ती उठत म्हणाली. "त्यात काय मोठंसं."

मोठंसं होतं, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

त्या गावात रानातलं मांस दुकानात मिळत नाही. मिळतो तो वाटा. त्याला म्हणतात तामासु. जिवासाठी जो शब्द आहे ना, हा त्याचाच भाऊ. जनावर पडलं की ओढ्याकाठी कापतात, फळीवर सारखे ढीग लावतात आणि एकेकाचं नाव पुकारून देतात. बंदूकवाल्याला एक, हाका घालून जनावर उठवणाऱ्याला एक, आणि कुत्र्यालाही एक. कुत्र्याचा वाटा मालकाच्या घरी जातो. मासुएचा नवरा, कुरोगी घराण्यातला शिगेझो, जाऊन चार वर्षं झाली होती, आणि ही चारही वर्षं मासुए तेत्सुचा वाटा खात होती. ते दोघं मिळून खायचे असं म्हणा. मांस तिला, हाडं त्याला.

फुकट मात्र तिनं कधी काही घेतलं नाही. शेजारणीनं एकदा प्रेमानं हरणाची मांडी आणून दिली, तर मासुएनं दुसऱ्या दिवशी वीस मुळे, एक टोपली अळकुड्या आणि वर लोणच्याची बरणी तिच्या दारात नेऊन ठेवली. शेजारीण बिचारी तीन आठवडे मुळे खात होती. पुन्हा काही द्यायची तिची छाती झाली नाही.

तर सगळी मदार होती तेत्सुवर. आणि तेत्सु आता दिवसातले अठरा तास झोपायचा.

हंगाम उघडल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी योशित्सुगु त्याला न्यायला आला. हा शिकारी टोळीचा म्होरक्या. साठीला आलेला, लाकडाच्या गिरणीत काम करणारा, मऊ स्वभावाचा. शिगेझोच्या हाताखाली बंदूक धरायला शिकला, म्हणून मासुएला अजून वहिनी म्हणायचा.

"वहिनी, यंदा राहू दे का त्याला? पाय ओढतोय जरा."

"तुझाही ओढतो. तू जातोयस ना?"

योशित्सुगुनं तेत्सुच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या मागून कोहेइ आला. हा टोळीतला सगळ्यात नवा गडी, तिशीचा. त्यानं तेत्सुच्या गळ्यात एक पट्टा अडकवला. पट्ट्यात यंत्र होतं, आणि कुत्रा डोंगरात कुठे आहे ते कोहेइच्या मोबाईलवर ठिपक्याच्या रूपात दिसायचं.

त्या दिवशी पुढे काय झालं ते मासुएला दुपारी कळलं, पण आपण क्रमानंच सांगू. चार कुत्रे सोडले. तीन ठिपके नकाशावर सैरावैरा पळत होते. चौथा ठिपका कड्याखालच्या झाडीत जाऊन थांबला. पाच मिनिटं थांबला, दहा मिनिटं थांबला. आता जाणत्या कुत्र्याचा ठिपका एका जागी थांबला याचा अर्थ शिकाऱ्यांच्या लेखी एकच. त्यानं डुकराला कोंडीत धरलंय आणि हलू देत नाहीये.

"तेत्सुनं धरलंय!" कोहेइ कुजबुजला.

"म्हातारा अजून आहे हं!" योशित्सुगुचा ऊर भरून आला. सगळे आपापल्या जागा सोडून निघाले. पाऊणएक तास चढण, तोंडातून अवाक्षर नाही, घामाच्या धारा. वर पोचले तर उन्हाच्या कवडशात, वाळक्या पानांच्या गादीवर तेत्सु आडवा. त्यानं एक डोळा उघडला, ओळखीच्या माणसांना बघून शेपूट दोनदा आपटली आणि डोळा मिटून घेतला. तेवढ्यात खालच्या मोकळ्या सोडलेल्या जागेवरून एक दांडगं डुक्कर आरामात नदीपार निघून गेलं.

रिकाम्या हातानं परतायची वेळ आली नाही ती त्सुरुमात्सुमुळे. त्सुरुमात्सु एक्याऐंशी वर्षांचा. गुडघे गेलेले, म्हणून तो इतरांबरोबर चढला नव्हता. एकटाच आपल्या जागी बसून राहिला आणि समोर आलेलं हरीण त्यानं पाडलं. हा माणूस टोळीचे सगळे नियम पाठ असलेला, आणि दुसऱ्याला ते पाठ नाहीत हे दाखवण्यात ज्याला खरा आनंद.

मासुए टोपली घेऊन ओढ्याकाठी पोचली तेव्हा कापाकापी चालली होती. हरणाचं मांस गर्द लाल, चरबीचा ठिपका नाही. ते बघूनच तिच्या तोंडाला पाणी सुटलं. खरं सांगायचं तर ते पाणी नुसतं जिभेचं नव्हतं, सगळं अंगच मागत होतं. सकाळी उठल्यावर तिचे पाय बर्फासारखे गार असायचे. डुकराचा रस्सा प्यायलेल्या रात्री तेच पाय पहाटेपर्यंत उबदार राहायचे. हे तिला डॉक्टरच्या कागदाआधी माहीत होतं.

योशित्सुगुनं माणसांचे ढीग लावले आणि शेवटी कुत्र्यांचे चार.

"पळाले किती?" मासुएनं विचारलं. तिनं माणसांची तोंडं बघितली होती. सगळे ओठ चावून हसू दाबत होते.

"चार गेले होते, वहिनी."

"गेले किती नाही विचारलं. पळाले किती?"

योशित्सुगु आभाळाकडे बघायला लागला. कोहेइला खोटं बोलता येत नाही, हे त्याचं दुर्दैव. त्यानं मोबाईल पुढे केला. तीन ठिपक्यांच्या रेघा नकाशाभर गुंतलेल्या, चौथ्याची रेघ सरळ जाऊन संपलेली. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळी टोळी पोट धरून हसायला लागली. मासुएही हसली. पण तिनं वाकून चौथा ढीग उचलला आणि बाकीच्या ढिगांत थोडा थोडा वाटून टाकला.

"अहो वहिनी!"

"झोपलेल्याला कसला रे वाटा?"

"नियम असा आहे," त्सुरुमात्सु मध्येच गरजला, "की डोंगरावर गेला त्याला वाटा. झोपला होता की जागा होता, हे नियमात नाही."

"नियमात नाही, कारण आजवर कुणी झोपलं नव्हतं, त्सुरुमात्सुदादा!"

म्हाताऱ्याच्या नियमाला कुणी असं उत्तर दिल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. मासुएनं रिकामी टोपली काखेत मारली आणि ती तरातरा घराकडे निघाली. वळणावर दिसेनाशी झाल्यावर मात्र तिला थांबून झाडाला टेकावं लागलं. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. आणि रडूही आलं, ते मांसासाठी की कशासाठी, तिनं स्वतःला विचारलं नाही.

त्या आठवड्यात हिरोमिचीचा दोनदा फोन आला. "आई, खोली रंगवून घेतलीय." "कशाला?" "अशीच." अशीच कुणी खोली रंगवत नसतं. मासुएनं फोन ठेवला आणि तेत्सुला चार शिव्या घातल्या. तो झोपेतच शेपूट हलवत राहिला.

गुरुवारी योशित्सुगु आला. ओट्यावर बसला, चहा प्यायला, हवापाण्याचं बोलला, आणि मग चपलेकडे बघत म्हणाला, "या रविवारी कापायचं काम तुमच्या घराखालच्या पुलापाशीच करावं म्हणतोय. दोनच्या सुमाराला. आता कापताना कुणी त्या वाटेनं जात असेल, तर त्यालाही वाटा द्यायचा असतो. ही आपली रीतच आहे. तुम्ही सहज म्हणून मुळे धुवायला..."

"योशित्सुगु."

"हां, वहिनी."

"वाटसरू म्हणजे ज्याला माहीत नसतं तो. दोनच्या ठोक्याला टोपली घेऊन सहज जाणारी बाई म्हणजे काय, तूच सांग. मोठ्यानं सांग!"

त्यानं चहाचा पेला विसळून उपडा ठेवला आणि तो निघाला. जाताजाता मात्र पुटपुटला, "शिगेझोदादा असते तर ही वेळच आली नसती. त्यांच्यासारखा माग काढणारा पुन्हा झाला नाही. आता कोहेइ झाडांना कॅमेरे बांधतो, आणि आम्ही ठिपक्यामागे पायपीट करतो तोवर डुक्कर नदीपार जातं."

तो गेला आणि मासुए अळकुड्या सोलत बसली. पण हात चालेनात.

कारण शिगेझोच्या मागाची गोष्ट, जी तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती, ती अशी. शिकारीच्या दिवशी उजाडताना एका जाणत्यानं डोंगर फिरून जनावर कुठे झोपलंय ते हुडकायचं असतं. त्या कामाला तोगिरी म्हणतात, आणि तोगिरी करणाऱ्याचा वाटा सगळ्यांत आधी पुकारतात. शिगेझोचं त्यात नाव होतं. पण शेवटची सहा वर्षं त्याच्या डोळ्यांत धुकं भरलं होतं. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की तो गडी डुकराला नाही भ्यायचा एवढा भ्यायचा. मग पहाटे मासुए त्याच्याबरोबर निघायची, लोकांना सांगायला अळंब्या शोधायला. माग ती बघायची, चिखल ती चाचपायची, आणि उतरताना सगळं त्याच्या कानात सांगायची. खाली अंगणात तो ते जसंच्या तसं बोलायचा आणि माणसं माना डोलवायची. मेलेल्या नवऱ्याचं नाव तिला राखायचं होतं. म्हणून तोंडाला कुलूप.

पण कुलूप तोंडाला होतं, डोळ्यांना नव्हतं. आपल्याला हे काम येतं, ही गोष्ट खरी. मग टोपली घेऊन दुसऱ्याच्या दयेची वाट बघत कशाला बसायचं? तिनं सुरी खाली ठेवली. "तेत्सु," ती म्हणाली, "तू झोप. मी जाते."

रविवारी फटफटलं तेव्हा ती घरामागच्या चढणीला लागली होती. दंव पडलं होतं, ते तिच्या पथ्यावरच. अळूच्या वाफ्याच्या कडेला खूर उमटलेले होते, पण त्यांच्या आत पांढरं दंव बसलेलं. म्हणजे संध्याकाळचे, शिळे. तिनं ते सोडून दिले. ओहोळापाशी दुसरे सापडले. तिथं खुरानं दंवाचा पापुद्रा मोडला होता आणि आत नवीन बसलं नव्हतं. म्हणजे पहाटेचे. पुढे देवदाराच्या झाडाच्या सालीवर मांडीएवढ्या उंचीवर चिखल घासलेला होता. बोट लावलं तर ओला.

तिथून पुढे खरी परीक्षा. जनावर झाडीत शिरलं एवढं पुरत नाही, ते बाहेर पडलेलं नाही हे बघायला अख्ख्या झाडीला वळसा घालावा लागतो. मासुएला चार ठिकाणी बसावं लागलं. कानात घूं घूं आवाज, छातीत धडधड. तिसऱ्यांदा बसली तेव्हा तिच्या मनात आलं की आपण इथंच आडव्या झालो तर गळ्यात पट्टासुद्धा नाही, ठिपका तरी कुणाला दिसणार? तिचं तिलाच हसू आलं आणि ती उठली.

आठ वाजता योशित्सुगुच्या अंगणात शेकोटीभोवती टोळी उभी होती. कोहेइ मोबाईलवर रात्रीचे फोटो दाखवत होता. समोरच्या डोंगरावर दोन डुकरं, रात्री नऊ वाजता. तिकडेच जायचं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात केसांत काटक्या अडकलेली, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली मासुए आत आली.

"एकटा नर," ती धापा टाकत म्हणाली. "खूर साडेतीन बोटं रुंद, उजव्या पुढच्या खुराची बाहेरची नखी झिजलेली. पहाटे चारनंतर माझ्या घरामागच्या झाडीत शिरलाय. चारी बाजूंनी फिरले, बाहेर पडल्याचा माग नाही. नेच्याच्या जाळीत झोपलाय, वरच्या अंगाला."

मग योशित्सुगु अवघडून म्हणाला, "वहिनी, तोगिरीला बाईमाणूस... डोंगरदेवीला चालत नाही म्हणतात. रुसते ती."

"रुसते ती तरण्याताठ्या पोरींवर. मला बघून तिला उलट बरंच वाटलं असेल!"

"पण आजी," कोहेइ फोटो पुढे करत म्हणाला, "कॅमेऱ्यात तर तिकडे दोन दिसतायत."

"रात्री नऊला ना? आता आठ वाजलेत, बाळा. काल रात्री तू कुठे होतास त्यावरून आत्ता कुठे आहेस ते कळतं का?"

हशा पिकला. हसला नाही तो एकटा त्सुरुमात्सु. तो शेकोटीपलीकडून मासुएकडे टक लावून बघत होता. "उठवला तर पळेल कुठून?" त्यानं विचारलं.

"खिंडीतून नाही. वारा तिकडून आहे, त्याला तुमचा वास लागेल. ओहोळाच्या घळीनं उतरेल, कोळशाच्या जुन्या भट्टीपाशी."

म्हाताऱ्यानं बंदूक खांद्याला लावली आणि काही न बोलता तो भट्टीच्या वाटेला लागला. त्याच्यामागून बाकीच्यांना जावंच लागलं.

मासुए पुलाखाली दगडावर बसून राहिली. घरी जाऊन पडावं असं अंग म्हणत होतं, पण तिला घरात बसवेना. वर कुत्रे भुंकायला लागले. आवाज आधी उजवीकडे गेला. आपण चुकलो असलो तर? मग सरळ ओसाकाच. मग नववा मजला आणि रंगवलेली खोली, आणि जन्मभर या माणसांच्या तोंडी, म्हातारीनं शिगेझोच्या डोंगरावर आम्हाला वणवण फिरवलं. आवाज डावीकडे वळला, घळीत उतरला. एकच बार झाला. नंतर सगळं शांत.

अर्ध्या तासानं आठ माणसं आणि एक दांडगं डुक्कर ओढ्यावर आलं. कोहेइनं आल्याआल्या वाकून डुकराचा उजवा पुढचा खूर उचलून बघितला. बाहेरची नखी झिजलेली होती. तो खूर त्यानं सगळ्यांना दाखवला, मोबाईल दाखवतात तसा, आणि मग मासुएसमोर कमरेत वाकला.

कापाकापी सुरू झाली. हृदयाचे सात तुकडे काठीला टोचून डोंगरदेवीसाठी बाजूला उभे केले. योशित्सुगु पातळ सुरीनं चरबी सोडवत होता. पांढरीशुभ्र, दोन बोटं जाड, ओकची फळं खाऊन आलेली. त्सुरुमात्सु हात धुवायला मासुएच्या शेजारी पाण्याशी बसला.

"शिगेझोचे डोळे गेले होते," तो हळूच म्हणाला.

मासुएनं झटकन मान वळवली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? मी सहा वर्षं त्याच्या शेजारच्या जागेवर बसायचो. माझ्या तोंडातली सिगारेट पेटलीय की विझलीय ते त्याला दिसायचं नाही, आणि डुकराच्या खुराची नखी बरी दिसायची! आज अंगणात तू बोललीस ना, ते सगळं तसंच. साडेतीन बोटं रुंद. मोजायचीही बोटंच, त्याच्यासारखी. पण त्याची बोटं ही एवढाली जाड होती, मासुए. साडेतीन तुझी व्हायची. आम्ही त्याच्या बोटांनी हिशेब धरायचो आणि दरवेळी डुक्कर लहान निघायचं."

मासुएला हसावं की रडावं कळेना. "मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करू? तू यायची बंद झाली असतीस. मग डुक्कर कुणी दाखवलं असतं, त्याच्या डोळ्यांनी?" त्यानं हात झटकले. "सहा वर्षं तोगिरीचा वाटा मीच पुकारला. नाव कुणाचं घेतलं?"

"त्यांचं."

"हं," म्हणून म्हातारा गुडघ्यांवर हात रोवून कण्हत उठला.

फळीवर ढीग लागले. योशित्सुगुनं ते पुन्हा पुन्हा बघून सारखे केले आणि पहिल्या ढिगावर कलेजीचा मोठा तुकडा ठेवला. माणसं अर्धगोल करून उभी राहिली. रीत अशी की नाव पुकारलं की त्यानं 'आहे' म्हणायचं आणि पुढे यायचं. मासुए मागे, पुलाच्या खांबाला टेकून उभी होती.

त्सुरुमात्सुनं घसा साफ केला. "पहिला वाटा, तोगिरीचा," तो ओरडला. नियम सांगताना लावतो तोच आवाज, डोंगराला ऐकू जाईल असा. "कुरोगी मासुए!"

लग्न होऊन या गावात तिला चौपन्न वर्षं झाली होती. या ओढ्यावर तिनं किती वाटे घरी नेले असतील याची गणतीच नाही. पण ते नवऱ्याचे होते, नंतर कुत्र्याचे. तिचं नाव इथं कुणी कधी घेतलं नव्हतं. दिवसभर जिची टकळी बंद नसते, जिनं सकाळपासून आठ माणसांची तोंडं बंद केली होती, तिच्या तोंडून आता शब्द फुटेना. सगळे मागे वळून तिच्याकडे बघत होते.

"कुरोगी मासुए!" म्हातारा चिडला. "आहे की नाही? नसेल तर सांगा, वाटा परत ढिगात जाईल!"

"आहे!" मासुए ओरडली. इतक्या जोरात, की तिचं तिलाच दचकायला झालं. "आहे, आहे! इथंच आहे मी!"

आणि माणसांतून वाट काढत, दोन्ही हात पुढे करून, ती फळीकडे निघाली.